फ्लेक्सवाला राष्ट्राध्यक्ष

फ्लेक्सवर झळकणारे नेते आपल्याकडे चौकाचौकात आहेत. फ्लेक्स छापणारा माणूस वयाच्या ३४ व्या वर्षी देशाचा प्रमुख झाला, ही गोष्ट मात्र मादागास्करची. आंद्री राजोएलिना हे त्याचं नाव. २००१ मध्ये त्याने ‘इंजेट’ नावाची कंपनी काढली. मोठ्या आकाराची डिजिटल छपाई करणारी त्या देशातली ती पहिली. २००३ मध्ये एका बँकेने त्याला सर्वोत्तम तरुण उद्योजक म्हणून गौरवलं. डिसेंबर २००७ मध्ये तो राजधानीचा महापौर झाला आणि मार्च २००९ मध्ये थेट देशाच्या प्रमुखपदी बसला. महापौरपदापासून मोजलं तर मध्ये फक्त सव्वा वर्ष.

‘डीजेचा राष्ट्राध्यक्ष झाला’ असं म्हणून ही गोष्ट हसण्यावारी नेली जाते. हसू येण्यासारखी ती आहेच, पण सुटी करून पाहिली तर तिच्यात बरंच काही आहे: धंद्यातली कुठली गोष्ट राजकारणात कुठल्या पायरीवर कामाला आली, कुठे कमी पडली, आणि जे धंद्यात शिकायलाच मिळत नाही त्याचं पुढे काय झालं. मालागासी नावं लांबलचक असतात, त्याला इलाज नाही. निदान राजधानी अंतानानारिव्होला तिथले लोक ‘ताना’ म्हणतात, आपणही तेच म्हणू.

राजोएलिनाचा जन्म १९७४ चा, अंत्सिराबे गावचा. वडील लष्करात कर्नल. शाळा संपल्यावर कॉलेजच्या वाटेला न जाता त्याने डीजेगिरी धरली आणि तिथून कार्यक्रमांच्या आयोजनात उतरला. १९९९ पासून दरवर्षी होणारा त्याचा ‘लाइव्ह’ हा संगीताचा कार्यक्रम तानात गाजू लागला. मोठा कार्यक्रम उभा करणं म्हणजे काय, हे मांडववाल्याला विचारा. स्टेज, जनरेटर, साउंड, परवाने, पोलिसांशी बोलणी, गर्दी आत घेण्याची आणि बाहेर काढण्याची वाट, आणि मुख्य माणूस नेमका कधी स्टेजवर आणायचा याचा अंदाज. राजकीय सभेला यापेक्षा वेगळं काही लागत नाही. पक्षाच्या माणसांना हे शिकायला दहा निवडणुका लागतात.

त्यानंतर फ्लेक्स. या धंद्याचं गणित समजून घेतलं तर पुढचं बरंच उलगडतं. डिजिटल मशीन येण्याआधी मोठे बोर्ड पेंटर हाताने रंगवायचे. एका बोर्डाला आठवडा जायचा आणि दोन बोर्डांवरचा चेहरा एकसारखा यायचा नाही. मशीन आलं की तोच चेहरा एका रात्रीत शंभर वेळा निघतो. ज्याला आपल्याकडे दहा फुटी मशीन म्हणतात त्याच्या रोलची रुंदी सव्वातीन मीटरच्या आसपास. त्याहून मोठा बोर्ड असेल तर पट्टे छापायचे, कडा गरम करून जोडायच्या, आयलेट ठोकायचे आणि लोखंडी सांगाड्यावर ताणायचे. छपाईचे पैसे एकदाच मिळतात. खरी कमाई असते ती जागेच्या महिन्याच्या भाड्यात. जागा म्हणजे चौक, पूल, उतारावरचं वळण, जिथे वाहन थांबतं आणि मान वर होते. त्यामुळे या धंद्यातल्या माणसाच्या डोक्यात शहराचा एक वेगळाच नकाशा तयार होतो. शिवाय परवानगी पालिकेची लागते, म्हणजे महापौरांच्या कचेरीतलं कुठलं टेबल कशावर अडतं हेही आपोआप कळतं. आणि भाड्याने न गेलेला सांगाडा रिकामाच असतो. असा मालक स्वतः उमेदवार झाला की त्या जागांचं काय करायचं, हे त्याला कुणी सांगावं लागत नाही.

तिसरी वस्तू २००७ मध्ये आली. एक रेडिओ आणि टीव्ही केंद्र विकत घेऊन त्याने त्याचं नाव ‘विवा’ ठेवलं. त्याच वर्षी ‘तानोरा मालागासी व्होनोना’ ही संघटना काढली. अर्थ साधारण ‘सज्ज मालागासी तरुण’. आद्याक्षरं जुळवली तर टीजीव्ही, म्हणजे फ्रान्सची वेगवान रेल्वे. फ्रेंचांची वसाहत राहिलेल्या देशात ही तीन अक्षरं वेगळी समजावून सांगावी लागत नाहीत. रंग केशरी. ब्रँड म्हणून काम पक्कं होतं. पक्ष म्हणून मात्र त्यात एक माणूस आणि त्याचा चेहरा यापलीकडे फारसं काही नव्हतं. हा दोष पुढे कधीच गेला नाही. २०१३ मध्ये काढलेल्या पक्षाच्या नावाचा अर्थच मुळी ‘राष्ट्राध्यक्ष आंद्री राजोएलिनांसोबत’ असा होतो.

हा रस्ता त्याने शोधून काढलेला नव्हता. ज्याला त्याने खाली खेचलं, त्या मार्क रावालोमानानानेच तो आखून ठेवला होता.

रावालोमानाना सायकलवर घरचं दही विकायचा. प्रोटेस्टंट चर्चमधल्या ओळखींचा हात मिळाला, जागतिक बँकेचं कर्ज मिळालं आणि ‘तिको’ ही डेअरी उभी राहिली. पुढे ती मालागासी मालकीची देशातली सर्वांत मोठी कंपनी झाली. १९९९ मध्ये तो तानाचा महापौर झाला. डिसेंबर २००१ मध्ये त्याने तेव्हाचा राष्ट्राध्यक्ष दिदिए रात्सिराका याच्याविरुद्ध राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक लढवली आणि २००२ मध्ये सत्तेवर बसला. पक्षाचं नाव ‘तियाको इ मादागासिकारा’, म्हणजे ‘माझं मादागास्करवर प्रेम आहे’. तिको आणि तियाको. दह्याच्या डब्यावरचं नाव आणि मतदान केंद्राबाहेरचं नाव ऐकायला जवळजवळ सारखं. जाहिरातवाल्यांनी यावर टोपी काढावी.

दह्याची कंपनी निवडणुकीत कशी कामी आली, याचं उत्तर पक्षाच्या नावात नाही, मतपत्रिकेत आहे. मादागास्करमध्ये सगळ्या उमेदवारांची नावं असलेली एकच सामाईक मतपत्रिका २०१३ पर्यंत नव्हती. प्रत्येक उमेदवाराची मतपत्रिका वेगळी. ती त्याने स्वतः छापून घ्यायची आणि केंद्रांपर्यंत पोचेल याची काळजीही त्यानेच करायची. देश जगातल्या सर्वांत मोठ्या बेटांत चौथा आहे आणि पावसाळ्यात रस्ते चिखलात जातात. तुमची चिठ्ठी केंद्रावर पोचली नसेल तर तिथल्या मतदाराला तुम्हाला मत देण्याची इच्छा असूनही देता येत नाही. आता कल्पना करा: एका उमेदवाराकडे गावोगाव दूध-दही-तेल पोचवणाऱ्या गाड्या, गोदामं आणि विक्रेते आधीच आहेत आणि दुसऱ्याकडे नुसते कार्यकर्ते. अशा निवडणुकीत वितरणाची साखळी हीच पक्षसंघटना.

मतमोजणीतही तेच. २००१ मध्ये अधिकृत आकडे रावालोमानानाला ४६ टक्के आणि रात्सिराकाला ४० टक्के सांगत होते, म्हणजे दुसरी फेरी व्हायला हवी होती. रावालोमानानाच्या माणसांनी केंद्राकेंद्रावरच्या तक्त्यांच्या प्रती गोळा केल्या होत्या आणि त्यांच्या बेरजेत त्याला ५२ टक्के पडत होते. त्याने दुसरी फेरी नाकारली, महिनोन्‌महिने राजधानीचे रस्ते भरून ठेवले आणि एप्रिल २००२ मध्ये फेरमोजणीनंतर उच्च घटनात्मक न्यायालयाने त्याला ५१.४६ टक्क्यांनी विजयी ठरवलं. रस्त्यावर गर्दी, हातात स्वतःचे आकडे, शेवटी न्यायालयाचा शिक्का. हा क्रम लक्षात ठेवा, कारण तो पुन्हा येतो.

रावालोमानानाची चूकही धंदेवाल्याचीच होती. खुर्चीवर बसल्यावरही त्याने दुकान बंद केलं नाही. तिको वाढत गेली, त्याची स्वतःची टीव्ही वाहिनी वाढत गेली, आणि बाकीच्या व्यापाऱ्यांना कळेना की आपली स्पर्धा कंपनीशी आहे की सरकारशी. देशातला मोठा मालागासी उद्योगपती राष्ट्राध्यक्ष झाला की इतर उद्योगपतींना विरोधी पक्ष लागतो. तो त्यांना तरुण, केशरी आणि तयार मिळाला.

१२ डिसेंबर २००७ ला राजोएलिना ६३ टक्के मतं घेऊन महापौर झाला, तेही सत्ताधारी पक्षाच्या उमेदवाराला हरवून. मतदान ४५ टक्क्यांच्या आसपासच झालं होतं, पण तानात जिंकणं म्हणजे काय ते तिथे सगळ्यांना माहीत होतं. आधीचा महापौर थेट राष्ट्राध्यक्षाच्या महालात गेला होता.

आता जिरामा. ‘जिरो सी रानो मालागासी’ म्हणजे ‘मालागासी दिवा आणि पाणी’. वीज आणि पाणी दोन्ही पुरवणारी सरकारी कंपनी. नवा महापौर बसला तेव्हा पालिकेवर ८.२ अब्ज आरियारींचं (आरियारी हे तिथलं चलन) जुनं कर्ज होतं. त्यातले ३.३ अब्ज जिरामाचे. जानेवारी २००८ मध्ये, म्हणजे त्याला बसून महिनाही झाला नव्हता तेव्हा, जिरामाने थकबाकीपोटी शहरातल्या सार्वजनिक नळांचं पाणी तोडलं आणि रस्त्यावरचे दिवे बंद केले. तानातल्या गरीब वस्त्यांत घरोघरी नळ नाहीत. पिवळे डबे घेऊन लोक सार्वजनिक नळावर रांग लावतात आणि त्या नळाचं बिल पालिकेच्या माथी असतं. म्हणजे कळ अचूक दाबली गेली होती.

इथे राजोएलिनाने केलेलं काम खरोखर धंदेवाल्याचं होतं. भाषण ठोकण्याआधी त्याने खतावणी उघडली. पालिकेचं जिरामाकडून काय येणं आहे याची तपासणी करवून घेतली, तर कर आणि शुल्कापोटी जिरामाही पालिकेचं जवळजवळ तेवढंच देणं लागत होती. दोन्ही थकबाक्या समोरासमोर ठेवल्यावर तोडणाऱ्याचं तोंड बंद झालं. शहराला दिसलं ते असं: सरकारने पाणी तोडलं आणि पोराने हिशोब दाखवला. राजधानीत त्याची पत बसली ती या प्रकरणात, असं माझं मत आहे. फ्लेक्सवरच्या चेहऱ्याला तिथे पहिल्यांदा काम चिकटलं. आणि सरकारने महापौराला जेवढं अडवलं तेवढा तो मोठा होत गेला. विरोधकाच्या हाती असलेल्या पालिकेची नाडी आवळली की हे ठरलेलंच. आपल्याकडे वेगळं काय होतं?

वर्षभराने सरकारने दुसरी चूक केली. १३ डिसेंबर २००८ ला विवा टीव्ही बंद पाडली. कारण काय, तर परदेशात राहणाऱ्या रात्सिराकाची मुलाखत दाखवली. मधल्या काळात दारूगोळा आपोआप साठला होता. दक्षिण कोरियाच्या देवू लॉजिस्टिक्सला १३ लाख हेक्टर जमीन ९९ वर्षांच्या पट्ट्याने देण्याचा बेत नोव्हेंबरमध्ये बाहेर फुटला होता, मका आणि पामतेलासाठी. १३ लाख हेक्टर म्हणजे अख्खा सातारा जिल्हा बसून वर शिल्लक राहील एवढी जमीन. मालागासी भाषेत जमिनीला ‘तानिंद्राझाना’ म्हणतात, पूर्वजांची भूमी. कुटुंबाच्या पूर्वजांच्या कबरी जिथे आहेत ती. जिथे लोक पूर्वजांची हाडं काही वर्षांनी बाहेर काढून नव्या रेशमात गुंडाळतात, तिथे हा व्यवहार कसा वाजणार हे कुणालाही सांगता आलं असतं. त्यात राष्ट्राध्यक्षांसाठी सहा कोटी डॉलरचं नवं विमान.

जानेवारी २००९ पासूनच्या हालचाली क्रमाने लावल्या तर त्यात डोकं दिसतं. १७ जानेवारीला अंबोहिजातोव्होच्या बागेत मोठी सभा झाली आणि त्या जागेचं नाव ‘लोकशाही चौक’ ठेवण्यात आलं. २६ तारखेला आंदोलन हाताबाहेर गेलं, सरकारी रेडिओ आणि रावालोमानानाची वाहिनी जळली, दुकानं लुटली गेली आणि आगीत अडकून डझनावारी माणसं मेली. ३१ ला राजोएलिनाने जाहीर केलं की देश आता मी चालवणार. ३ फेब्रुवारीला सरकारने त्याला महापौरपदावरून काढलं. ७ फेब्रुवारीला गर्दी अंबोहित्सोरोहित्रा महालाकडे निघाली, रक्षकांनी गोळीबार केला आणि किमान २८ जण ठार झाले. शस्त्र नसलेली गर्दी राष्ट्राध्यक्षाच्या महालाकडे नेणाऱ्याला काय होऊ शकतं हे माहीत नव्हतं, असं मानणं कठीण आहे. गोळी झाडणाऱ्याची जबाबदारी त्यामुळे तसूभरही कमी होत नाही. पण या तरुण उद्योजकाच्या यशोगाथा सांगणारे हा दिवस भराभर ओलांडतात, म्हणून लिहिलं.

गर्दीने सरकार खिळखिळं झालं, पण पडलं नाही. ते पाडलं कॅपसॅटने. ही लष्करातली लढाऊ तुकडी नाही. माणसांची नेमणूक, पगार, साहित्य, तांत्रिक सेवा बघणारी, कारकुनी आणि पुरवठ्याची शाखा. छावणी तानाच्या कडेला सोआनिएरानात. पण पुरवठा ज्याच्या हातात, कोठारही त्याच्याच हातात. ८ मार्चला कॅपसॅटच्या सैनिकांनी सरकारचे हुकूम मानायला नकार दिला आणि बाकीच्या फौजेने त्यांच्यावर चालून जायचं टाळलं. १७ मार्चला रावालोमानानाने राजीनामा देऊन सत्ता लष्करी अधिकाऱ्यांच्या मंडळाकडे सोपवली आणि त्या अधिकाऱ्यांनी ती त्याच दिवशी राजोएलिनाला दिली. दुसऱ्या दिवशी उच्च घटनात्मक न्यायालयाने शिक्का मारला. राष्ट्राध्यक्षाचं वय किमान ४० हवं असं तेव्हाच्या राज्यघटनेत लिहिलं होतं. तो ३४ चा होता. शिक्का तरीही बसला. शपथविधी २१ मार्चला महामासिना स्टेडियममध्ये, अर्थातच. देवूचा व्यवहार त्याने पहिल्याच फटक्यात रद्द केला.

इथवर धंद्यातलं शिक्षण पुरलं. यापुढे पुरेना.

पहिला फटका मान्यतेचा. आफ्रिकन युनियनने आणि दक्षिण आफ्रिकी देशांच्या संघटनेने सदस्यत्व स्थगित केलं. परदेशी मदतीचा मोठा भाग आटला. अमेरिकेने आफ्रिकी मालाला दिलेली करमुक्त आयातीची सवलत १ जानेवारी २०१० पासून मादागास्करला बंद केली. तानाभोवतीच्या कपड्यांच्या कारखान्यांचं पोट त्या सवलतीवर होतं. हजारो शिलाई कामगार, बहुतांश बाया, घरी बसल्या. ती सवलत परत मिळायला २०१४ चा जून उजाडला. ईशान्येकडच्या मारोजेजी आणि मासोआलाच्या जंगलांतून रोझवूडची लूट याच काळात वाढली, कारण पहारा देणारं सरकारच लुळं झालं होतं. कंपनी ताब्यात घेतली की नवा मालक दुसऱ्या दिवशी चेकवर सही करू शकतो. देश असा ताब्यात घेतला तर जगातली अर्धी काउंटर तुमची सही ओळखत नाहीत.

दुसरा धडा गमतीदार आहे. २०१० मध्ये त्याने नवी राज्यघटना आणली. वयाची अट ३५ वर आणली, तेव्हा तो ३६ चा होता. उमेदवार निवडणुकीआधी सहा महिने देशातच राहिलेला हवा ही अटही त्यात आली. रावालोमानाना दक्षिण आफ्रिकेत अडकून पडला होता, म्हणजे अट कुणासाठी होती ते उघड आहे. २०१३ ला शेजारी देशांनी तडजोड घडवली की दोघांपैकी कुणीच उभं राहायचं नाही. रावालोमानानाने बायकोला उभं केलं, मग राजोएलिनाही उतरला. निवडणूक न्यायालयाने दोघांनाही काढलं. बाईंना सहा महिने राहिल्या नाहीत म्हणून, आणि याला अर्ज मुदतीनंतर भरला म्हणून. मग त्याने आपल्या अर्थमंत्र्याच्या, हेरी राजाओनारिमाम्पियानिनाच्या, मागे वजन टाकलं. तो जिंकला आणि थोड्याच काळात याच्या हातातून सुटला. जावई शोधताना आणि डमी उमेदवार शोधताना माणसाचा अंदाज चुकला की पाच वर्षं जातात.

२०१८ ची निवडणूक मात्र त्याच्या पिंडाची होती. प्रचारखर्चाला कायद्याने कमाल मर्यादाच नव्हती. हेलिकॉप्टर, स्टेज, केशरी टी-शर्ट, गायक. पहिल्या फेरीत त्याला ३९ टक्के, रावालोमानानाला ३५, आणि निवडणुकीपर्यंत राष्ट्राध्यक्ष राहिलेल्या हेरीला जेमतेम ९. १९ डिसेंबरच्या दुसऱ्या फेरीत राजोएलिना ५५.६६ टक्क्यांनी जिंकला. म्हणजे दह्यावाला विरुद्ध फ्लेक्सवाला हा सामना अखेर मतपेटीतून झाला, तोही दहा वर्षांनी.

या प्रचारात त्याने वचनांना ‘वेलिरानो’ म्हटलं. जुन्या काळी मेरिना जमातीच्या राजांपुढे निष्ठेची शपथ घेताना पाण्यावर फटका मारायचे. वेलिरानो म्हणजे तो फटका. रानो म्हणजे पाणी, जिरामामधलं तेच रानो. अशी १३ वचनं होती आणि सर्वांना वीज-पाणी हे त्यांतलं ठळक.

नंतर बांधलं काय गेलं ते बघा. राणीच्या महालाच्या आवारात रोमन थाटाचं उघडं नाट्यगृह. त्यावर इतिहासाची चाड असलेले लोक भडकले. महामासिनाचं स्टेडियम मोठं आणि चकचकीत केलं. तानाच्या पश्चिमेला भातखाचरं बुजवून नवं शहर वसवायचा घाट घातला, पण शेतकरी रस्त्यावर आले. एप्रिल २०२० मध्ये दवणा जातीच्या आर्टेमिसिया वनस्पतीचा काढा बाटलीत भरून ‘कोविड-ऑर्गॅनिक्स’ नावाने आणला आणि कॅमेऱ्यापुढे स्वतः प्यायला. तो गुणकारी असल्याचा पुरावा नव्हता, पण अनावरण झोकात झालं. मग तानावर तारेवरून जाणारी केबल कार, १५.२ कोटी युरोंची, फ्रेंच कर्जातून. प्रत्येक वस्तू लांबून दिसणारी. होर्डिंगवाल्याची नजर ही अशी: वळणावरून दिसतं का?

जिरामा लांबून दिसत नाही. तिचं दुखणं असं आहे. वीज बनवायचा खर्च जास्त, कारण बरीचशी जुन्या डिझेल जनरेटरवर बनते. इंधन डॉलरमध्ये घ्यायचं आणि बिल आरियारीत, तेही खर्चापेक्षा कमी दराने. दर वाढवावा तर लोक पेटतात. न वाढवावा तर इंधनवाल्याची थकबाकी चढते, तो टँकर थांबवतो आणि जनरेटर बंद पडतात. गळती आणि चोरी वेगळीच. वीज नसली की पंप चालत नाहीत, म्हणून नळही कोरडे. दिवा आणि पाणी एका कंपनीत बांधल्याचा हा परिणाम. यातून बाहेर पडायचा रस्ता जलविद्युत, आणि नद्या भरपूर आहेत. पण सुमारे २०० मेगावॉटचा साहोफिका आणि १२० मेगावॉटचा व्होलोबे हे प्रकल्प वर्षानुवर्षं करारांत आणि कर्जाच्या वाटाघाटींत रुतून बसले. धरणाला सात-आठ वर्षं लागतात, म्हणजे फीत पुढचा कापणार. बिलवसुली, तारा, ट्रान्सफॉर्मर यांचं तर अनावरणही करता येत नाही. देशात वीज पोचलेली लोकसंख्या अजून तिसऱ्या हिश्शाच्या आसपास आहे.

२०२३ मध्ये तो पुन्हा निवडून आला, ५९ टक्क्यांनी, पण बहुतेक विरोधकांनी बहिष्कार घातला होता आणि मतदान ४६ टक्के झालं. त्याच वर्षी कळलं की २०१४ मध्ये त्याने गुपचूप फ्रेंच नागरिकत्व घेतलं होतं. मालागासी कायद्यात स्वेच्छेने परकं नागरिकत्व घेणाऱ्याचं मूळ नागरिकत्व जातं, असा विरोधकांचा मुद्दा होता. न्यायालयाने तो बाजूला ठेवला.

सप्टेंबर २०२५. तानात बारा-बारा तास वीज जात होती. भारनियमनात काढलेल्या रात्री महाराष्ट्राला नव्या नाहीत, पण पाणीही त्याच बटणावर असेल तर काय होतं ते बघा. पालिकेच्या दोन नगरसेवकांनी भारनियमनाविरुद्ध निदर्शनांची हाक दिली आणि पोलिसांनी त्यांना उचललं. राजधानीची पालिका, जिरामा, आणि अडवणारं सरकार. २००८ चंच नाटक, फक्त राजोएलिना आता दुसऱ्या बाजूला उभा. २५ तारखेला बंदी मोडून तरुण पोरं रस्त्यावर आली. केबल कारची स्टेशनं जळली. त्याने आधी ऊर्जामंत्र्याला काढलं, २९ ला सगळं सरकार बरखास्त केलं, मग एका जनरलला पंतप्रधान नेमलं. संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार कार्यालयाने किमान २२ मृत्यू मोजले. पोरांकडे पक्ष नव्हता आणि वाटाघाटीला बसवता येईल असा नेताही नव्हता. एकाच चेहऱ्यावर सगळं उभारणाऱ्या माणसाला बिनचेहऱ्याची गर्दी कशी हाताळावी हे उमगलं नाही.

११ ऑक्टोबरला कॅपसॅटने गोळी चालवायला नकार दिला आणि आंदोलकांना ‘१३ मे’ चौकात नेऊन पोचवलं. १९७२ पासून तानात सरकारं याच चौकात पडतात. राजोएलिना देशाबाहेर गेला. १३ तारखेला त्याचं भाषण सरकारी टीव्हीवर होणार होतं. सैनिक टीव्ही केंद्राशी पोचले, वेळ पुढे पुढे ढकलली गेली आणि अखेर ते फेसबुकवरून झालं, ‘सुरक्षित ठिकाणा’हून. १४ ला संसदेने १३० मतांनी त्याला पदच्युत केलं, कॅपसॅटचे कर्नल मिकाएल रांद्रियानिरिना यांनी सत्ता घेतली आणि उच्च घटनात्मक न्यायालयाने शिक्का मारला. चौक, कोठार, शिक्का. तोच क्रम, तीच छावणी.

कर्नलचा शपथविधी १७ ऑक्टोबरला न्यायालयाच्याच इमारतीत झाला, स्टेडियममध्ये नाही. आठवड्याभराने नव्या सरकारने राजोएलिनाचं मालागासी नागरिकत्व काढून घेतलं. कारण दिलं २०१४ च्या फ्रेंच नागरिकत्वाचं. जिरामा तिच्या डिझेलच्या थकबाकीसकट नव्या सरकारच्या गळ्यात आली आहे.